परराष्ट्र मदत आणि देशांतर्गत राजकारण

परक्या देशाला धान्य, अनुदान किंवा सवलतीचे कर्ज कधी, किती आणि कोणत्या अटींवर द्यायचे, हे घेणाऱ्याच्या गरजेवर ठरते तितकेच, पुष्कळदा त्याहून अधिक, देणाऱ्या देशातील मतदार, उद्योजक आणि कायदेमंडळावर ठरते. कोकण किनारपट्टीने याचा अनुभव आधी बंदरात आणि मग पालघरच्या वाड्यांमध्ये घेतला.

अमेरिकेने १९५४ मध्ये केलेल्या, जादा धान्य परदेशांना सवलतीत देण्याच्या ‘पीएल-४८०’ कायद्यामागे भुकेल्यांची कणव होतीच, पण शेतकऱ्यांना हमीभाव देऊन सरकारी कोठारांत साठलेल्या गव्हाचे करायचे काय, हा प्रश्नही होता. जहाजमालकांनीही आपला वाटा मिळवला: मदतीचे किमान निम्मे धान्य अमेरिकी जहाजांतून नेण्याचे बंधन आले. मुंबई बंदरात उतरलेला हा गहू रेशन दुकानांतून भातखाऊ घरांतही गेला. १९६५ नंतर अध्यक्ष जॉन्सन यांनी तो थोडाथोडा सोडायला सुरुवात केली. भारताने शेतीधोरण बदलावे हा त्यामागे आग्रह होता, तशीच व्हिएतनामवरील भारताच्या टीकेबद्दलची नाराजीही.

जपानचे उदाहरण जास्त बोलके आहे. १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतर जपानने नवी येन कर्जे थांबवली. हिरोशिमा-नागासाकी भोगलेल्या जनतेपुढे तिथल्या सरकारला दुसरा मार्ग नव्हता. २००१ मध्ये निर्बंध उठले. पुढे लोकसंख्या घटू लागली, देशातली बाजारपेठ आक्रसली आणि शिंझो आबे यांच्या सरकारने पायाभूत सुविधांच्या निर्यातीला आर्थिक धोरणात मानाचे स्थान दिले. सप्टेंबर २०१५ मध्ये इंडोनेशियाचा वेगवान रेल्वेप्रकल्प जपानच्या हातून निसटून चीनकडे गेला. डिसेंबरात मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा करार झाला: ०.१ टक्का व्याज, ५० वर्षांची मुदत आणि तंत्रज्ञान जपानी शिंकान्सेनचे. इतके स्वस्त कर्ज म्हणजे निव्वळ औदार्य नव्हे. त्यात जपानी कारखान्यांच्या कामाची तरतूद आहे.

घेणाऱ्याचे राजकारणही तितकेच निर्णायक असते. पालघर, डहाणू, तलासरीच्या आदिवासी पट्ट्यात अनेक ग्रामसभांनी बुलेट ट्रेनला विरोधाचे ठराव केले. जमीन हेच ज्यांचे एकमेव भांडवल, त्यांचा हा विरोध ‘विकासविरोध’ म्हणून उडवून लावणे अन्यायाचे आहे. महाविकास आघाडीच्या काळात (२०१९-२२) महाराष्ट्रातले काम रेंगाळले, जून २०२२ मध्ये सत्ता बदलताच परवानग्यांना वेग आला. त्याच डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने मार्गातली सुमारे २२ हजार तिवरे तोडायला मुभा दिली.