'पॅशन' म्हणजे आधी यातना

मुलाखतीला गेलेल्या पोराला आज हमखास विचारतात, तुझी पॅशन काय? हा शब्द ज्या लॅटिन क्रियापदातून आला, त्याचा अर्थ आहे सोसणं. 'पेशंट' त्याच मुळाचा, तोही सोसणाराच. इंग्रजीत 'पॅशन' आला तो फ्रेंचमार्फत, येशूच्या क्रूसावरच्या यातनांसाठी. माणसाला झोडपून काढणारी कुठलीही भावना, मग प्रेमाची आग, मग छंद, असा त्याचा अर्थ निवत गेला.

मूळ अर्थ आपल्या कुंपणावरही फुलतो. दक्षिण अमेरिकेत गेलेल्या स्पॅनिश धर्मप्रसारकांना एका वेलीच्या फुलात काट्यांचा मुकुट, पाच जखमा आणि तीन खिळे दिसले. म्हणून ते 'पॅशन फ्लॉवर'. आपलं कृष्णकमळ ते हेच! त्याच तंतूंत आपण शंभर कौरव पाहिले आणि त्याच पाच पुंकेसरांत पांडव.

'एन्थुझिॲझम'चं भाषांतर आपण 'उत्साह' करतो, पण ते मला फार फिकं वाटतं. ग्रीक 'एन्थेओस' म्हणजे ज्याच्या आत देव शिरला आहे असा. आपल्याकडे अंगात येतं म्हणतात, तेच. इंग्लंडमध्ये 17व्या शतकातल्या धार्मिक यादवीनंतर शहाण्यासुरत्या लोकांनी या अंगात येण्याचा धसका घेतला. जॉन लॉकने 1700 साली आपल्या तत्त्वज्ञानाच्या ग्रंथात त्याविरुद्ध एक प्रकरण घातलं. सॅम्युअल जॉन्सनच्या 1755च्या कोशात पहिला अर्थ आहे तो आपल्यालाच साक्षात्कार झाल्याच्या पोकळ समजुतीचा. मेथडिस्ट पंथाच्या जॉन वेस्लीला तर विरोधक हा शब्द शिवीसारखा फेकून मारत. आज हाच शब्द शाळेच्या प्रगतिपुस्तकात कौतुकाने लिहिला जातो.

'पॅनिक'मागेही देवच आहे: बोकडाच्या पायांचा, रानावनातला पॅन. ओसाड डोंगरात, कारण नसताना कळपाला किंवा सैन्याला एकाएकी जी भीती घेरते, ती ग्रीकांच्या लेखी त्याची करणी. कोकणात रात्री वाट चुकलेल्याला चकवा लागला म्हणतात. तिथेही दोष त्या माणसाचा नसतो.

मला सर्वांत जवळचा वाटतो तो 'अँगर'. व्हायकिंगांच्या नॉर्स भाषेत 'आंग्र' म्हणजे दुःख, त्रास. इंग्रजीतही तो आधी त्याच अर्थाने रुळला. राग नंतर आला. त्याच्या मुळाशी आवळलं जाणं, अरुंद होणं आहे. 'अँग्झायटी' आणि 'अँग्विश' त्याचीच भावंडं. संस्कृतातला 'अंहस्', म्हणजे संकट, कोंडी, हाही त्याच घरातला. ऋग्वेदाच्या दुसऱ्या मंडलात एक ऋषी वरुणाला विनवतो: वासराच्या गळ्यातलं दावं सोडावं, तसं माझं अंहस् सोडव.