लुइझियाना ते अलास्का: अमेरिकेने विकत घेतलेल्या जमिनीची पार्श्वभूमी

१८०० च्या सुमारास केंटकी, टेनेसी, ओहायो या भागातल्या शेतकऱ्याकडे माल भरपूर होता, पीठ, डुकराचं मांस, तंबाखू, व्हिस्की, पण पूर्वेच्या बंदरांपर्यंत न्यायला मध्ये अपलाचियन डोंगररांग आणि रस्ते म्हणजे नुसत्या पाऊलवाटा. मग एकच मार्ग उरायचा, सपाट तळाची मोठी होडी बांधायची, माल भरायचा, ओहायो नदीतून मिसिसिपीत आणि तिथून थेट खाली न्यू ऑर्लिन्सला. प्रवाहाच्या उलट ती होडी परत आणता यायची नाही म्हणून तिथेच लाकडाच्या भावात विकून ही माणसं शेकडो मैल चालत घरी यायची. आणि ज्या बंदरावर हे सगळं अवलंबून ते न्यू ऑर्लिन्स अमेरिकेचं नव्हतंच. १७८३ च्या तहात या नव्या देशाची हद्द मिसिसिपीपर्यंत ठरली होती, नदीच्या पलीकडचा सगळा मुलूख आणि नदीचं तोंड स्पेनकडे. १७९५ मध्ये स्पेनशी करार होऊन तिथे माल उतरवून ठेवायची आणि समुद्री जहाजावर चढवायची परवानगी मिळाली, तेवढ्यावर सगळं चाललं होतं.

अमेरिकेने जमीन विकत घेतली म्हणताना आपल्या डोळ्यांसमोर मोठा नकाशा आणि मोठं स्वप्न येतं, पण सुरुवात या अडकलेल्या मालापासून आहे हे मला फार महत्त्वाचं वाटतं. १८०० मध्ये स्पेनने गुप्त करार करून लुइझियाना, म्हणजे न्यू ऑर्लिन्ससकट नदीपलीकडचा तो मुलूख, फ्रान्सला परत दिला, म्हणजे शेजारी आता दुबळा स्पेन नाही तर नेपोलियन येणार. त्यात ऑक्टोबर १८०२ मध्ये न्यू ऑर्लिन्समधल्या स्पॅनिश अधिकाऱ्याने माल ठेवायची परवानगीच काढून घेतली आणि पश्चिमेकडचे लोक भडकले, युद्धाची भाषा सुरू झाली. राष्ट्राध्यक्ष जेफरसन तसा फ्रान्सच्या बाजूचा माणूस, पण त्याआधीच एप्रिलमध्ये त्याने पॅरिसमधला आपला वकील, म्हणजे राजदूत, लिव्हिंग्स्टन याला लिहिलं होतं की जगात एक जागा अशी आहे की ती ज्याच्या हातात असेल तो आपला नैसर्गिक शत्रू, आणि ती जागा न्यू ऑर्लिन्स. मग १८०३ च्या सुरुवातीला मन्रोला खास दूत म्हणून पॅरिसला पाठवलं, काम एवढंच की न्यू ऑर्लिन्स आणि जमलं तर फ्लोरिडाचा भाग विकत घ्या. नदीपलीकडचा अख्खा प्रदेश मागायला कोणी गेलंच नव्हतं!

मग नेपोलियनने तो विकला का? इथे बहुतेक ठिकाणी "त्याला युद्धासाठी पैसा हवा होता" एवढं सांगून विषय संपवतात, आणि ते खोटं नाही, पण खरं कारण कॅरिबियनमध्ये आहे. सँ-दोमँग, म्हणजे आजचं हैती, ही फ्रान्सची सगळ्यात श्रीमंत वसाहत, साखर आणि कॉफी, आणि ती पिकवणारे लाखो आफ्रिकन गुलाम. १७९१ मध्ये त्यांनी उठाव केला, १७९४ मध्ये फ्रान्सला गुलामगिरी रद्द करावी लागली, तुसां लूव्हर्त्यूर हा स्वतः गुलामीत जन्मलेला माणूस तिथला नेता झाला. नेपोलियनला ते बेट पुन्हा ताब्यात हवं होतं आणि लुइझियाना हवा होता तो त्या बेटाला धान्य आणि लाकूड पुरवायला. डिसेंबर १८०१ मध्ये त्याने आपला मेहुणा लक्लेर्क याच्याबरोबर मोठी फौज पाठवली. तुसांला धरून फ्रान्सला नेलं, तिथल्या थंड किल्ल्यात एप्रिल १८०३ मध्ये तो गेला. पण गुलामगिरी परत येणार हे कळल्यावर लोक थांबलेच नाहीत, आणि वर पिवळ्या तापाची साथ, त्यात हजारो सैनिक गेले, लक्लेर्क स्वतः नोव्हेंबर १८०२ मध्ये त्याच तापाने मेला. बेटच हातचं गेलं तर त्याला पोसायला लुइझियाना ठेवून करायचं काय? इंग्लंडशी पुन्हा युद्ध होणार हेही दिसत होतं आणि इंग्रज आरमारापुढे इतक्या लांबचा मुलूख राखणं अशक्य.

म्हणून ११ एप्रिल १८०३ ला फ्रान्सचा परराष्ट्रमंत्री तालेराँ लिव्हिंग्स्टनला अचानक विचारतो की सगळा लुइझियाना घ्याल का, किती द्याल? दुसऱ्या दिवशी मन्रो पॅरिसला पोचला, वॉशिंग्टनला विचारायचं तर जहाजाने महिने जाणार, दोघांनी स्वतःच्या जबाबदारीवर बोलणी केली. ३० एप्रिलची तारीख असलेला करार झाला, ६ कोटी फ्रँक फ्रान्सला आणि अमेरिकन व्यापाऱ्यांची फ्रान्सकडे अडकलेली २ कोटी फ्रँकपर्यंतची येणी अमेरिकेने भागवायची, मिळून दीड कोटी डॉलर. जमीन सुमारे २१ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे आपला महाराष्ट्र जवळपास ७ वेळा मावेल एवढी, एकरी ३ सेंटच्या आसपास. देशाचं क्षेत्रफळ एका सहीत दुप्पट.

तिजोरीत एवढा पैसा नव्हताच. ६ टक्के व्याजाचे रोखे काढले आणि ते लंडनच्या बेअरिंग आणि अ‍ॅमस्टरडॅमच्या होप या पेढ्यांनी सूट घेऊन विकत घेतले, नेपोलियनला रोख मिळाली. मे महिन्यात इंग्लंड-फ्रान्स युद्ध सुरू झालं, तरी लंडनचीच पेढी या व्यवहारात होती. जेफरसनची अडचण वेगळी, राज्यघटनेत परकी मुलूख विकत घेण्याचा अधिकार कुठे लिहिलेला नाही आणि हा माणूस तर आयुष्यभर घटनेच्या शब्दाला धरून चालणारा. घटनादुरुस्तीचा मसुदाही त्याने केला, पण नेपोलियनचं मन बदलेल या भीतीने तो बाजूला ठेवला, आणि २० ऑक्टोबरला सिनेटने २४ विरुद्ध ७ मतांनी करार मंजूर केला.

आता ज्याला जमिनीच्या व्यवहाराची थोडी माहिती आहे तो पहिलं विचारेल, चतुःसीमा काय? करारात त्या नीट नव्हत्याच. आणि दुसरा प्रश्न, कब्जा कोणाचा? खरेदीखत फ्रान्सकडून आलं पण वहिवाट ओसेज, पॉनी, सू आणि अशा कितीतरी मूळ रहिवासी जमातींची, ज्यांनी नेपोलियनला कधी पाहिलं नाही की त्याला मालक मानलं नाही. खरं तर अमेरिकेने घेतला तो "इथे इतर कुठल्या युरोपीय राष्ट्राने यायचं नाही" असा हक्क, जमीन पुढे त्या त्या जमातीकडून करार करून, दबाव टाकून, सैन्य पाठवून तुकड्यातुकड्याने काढून घेतली. १८०८ चा ओसेजांबरोबरचा करार हे त्याचं सुरुवातीचं उदाहरण, आजच्या मिझुरी आणि आर्कान्सॉचा मोठा भाग त्यात गेला. त्याच नव्या मुलखात गुलामगिरी चालणार की नाही हे भांडण १८२० पर्यंत इतकं वाढलं की मिझुरीवरून तडजोड करावी लागली.

हैतीच्या वाट्याला काय आलं हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. ज्यांच्या लढ्यामुळे हा सौदा झाला तो देश १ जानेवारी १८०४ ला स्वतंत्र झाला, अमेरिकेने त्याला मान्यता दिली १८६२ मध्ये. आणि १८२५ मध्ये फ्रान्सने युद्धनौका उभ्या करून त्याच हैतीकडून "नुकसानभरपाई" म्हणून १५ कोटी फ्रँक कबूल करून घेतले. पुढे ते कमी करून ९ कोटींवर आणले, पण तेही अख्ख्या लुइझियानाच्या किमतीपेक्षा जास्तच.

लुइझियानानंतर पद्धत बसली. १८१९ च्या करारात स्पेनने फ्लोरिडा सोडला, त्यात स्पेनला रोख काहीच मिळालं नाही, अमेरिकन नागरिकांचे स्पेनवरचे ५० लाख डॉलरपर्यंतचे दावे अमेरिकेने स्वतः भागवायचे ठरले, आणि त्याआधी अमेरिकेचा सेनापती अँड्र्यू जॅक्सन फौज घेऊन आत शिरून आला होताच. १८४८ मध्ये मेक्सिकोला कॅलिफोर्नियासकट प्रचंड मुलखासाठी दीड कोटी डॉलर दिले, पण युद्धात हरलेल्या मेक्सिकोच्या राजधानीत अमेरिकेचं सैन्य बसलेलं असताना झालेल्या व्यवहाराला मी खरेदी म्हणणार नाही. १८५३ चा गॅड्सडेन करार त्यामानाने खरी खरेदी, दक्षिणेकडून रेल्वे न्यायला सपाट जमीन हवी होती म्हणून सुमारे ७७ हजार चौरस किलोमीटरला १ कोटी डॉलर.

अलास्काची गोष्ट मात्र लुइझियानाच्या जवळची, कारण इथेही विकणाऱ्यालाच घाई होती. इंग्लंड-फ्रान्सविरुद्धच्या क्रिमियन युद्धाने रशियाची तिजोरी रिकामी, समुद्री ऊदमांजरांची शिकार करून करून फरचा धंदा बसलेला, आणि शेजारी कॅनडात इंग्रज, म्हणजे पुन्हा तीच भीती, फुकट जाण्यापेक्षा विकलेलं बरं. परराष्ट्रमंत्री सुअर्ड आणि रशियन वकील स्टोकल यांनी रात्रभर बसून ३० मार्च १८६७ च्या पहाटे ७२ लाख डॉलरवर सह्या केल्या, एकरी सुमारे २ सेंट. १८ ऑक्टोबरला अलास्काच्या तेव्हाच्या राजधानीत, सिटकामध्ये, रशियाचा झेंडा उतरला. तिथल्या मूळ रहिवासी त्लिंगिट लोकांचं म्हणणं होतं की जमीन रशियाची नव्हतीच, पण करारात मूळ रहिवाशांसाठी "रानटी जमाती" असा शब्द घालून त्यांना नागरिकत्वातूनही वगळलं गेलं.

१९६८ मध्ये अलास्काच्या उत्तर किनाऱ्यावरच्या प्रुडो बेला तेलाचा मोठा साठा सापडला, पाइपलाइन टाकायची तर जमिनीचा मालक कोण हे आधी ठरवणं भाग पडलं, आणि १९७१ च्या कायद्याने अलास्काच्या मूळ लोकांना ४.४ कोटी एकर जमीन आणि ९६ कोटी २५ लाख डॉलर देण्याचं ठरलं, म्हणजे १०४ वर्षांनी, झारला दिलेल्या रकमेच्या १३० पटीहून जास्त.