लिमलेटच्या गोळ्या गुंडाळणाऱ्या पोरी

साताऱ्याचा गोड पदार्थ म्हटलं की कंदी पेढा. पण तो हलवायाच्या घरचा धंदा. तिथे बाहेरच्या पोरीला पगारी काम कुठलं? गोळ्यांच्या कारखान्यात लागायचं तर मुंबई गाठावी लागे. भाऊ आधीच गिरणीत असायचा. त्याच्या मागोमाग मीटरगेजच्या गाडीने पुणं, तिथे गाडी बदलून पुढे. माझी आत्या १९५४ च्या सुमारास अशीच गेली.

हा धंदाही फार जुना नव्हता. विलेपार्ल्याच्या पार्लेची सुरुवात १९२९ साली गोळ्यांपासूनच झाली, बिस्किटं दहा वर्षांनी आली. युद्धात साखरेवर नियंत्रण बसलं, १९४७ च्या डिसेंबरात उठलं, १९४९ मध्ये पुन्हा आलं. साखर नाही तर भट्टी थंड.

भट्टी पुरुषांकडे. पाक दीडशे अंशांच्या आसपास चढवायचा, तो साखरू नये म्हणून ग्लुकोज घालायचं, मग फरशीवर ओतून रंग आणि लिंबाचं सत मळायचं. गोळी पडली की ती बायकांच्या टेबलावर. कागद डाव्या तळव्यावर, गोळी मध्ये, दोन्ही टोकांना उलटसुलट पीळ. कडक पाकाची गोळी हवेतला ओलावा ओढते, त्यामुळे उघडी राहिली की चिकटलीच. पावसाळ्यात मुकादमीण टेबलामागून ओरडे, "वला हात लावू नगा गं!" घाम पुसायचा तो कोपरानं.

मजुरी शेरावर, आण्यांत. एप्रिल १९५७ मध्ये रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे आले. आण्याचे खरे सव्वासहा व्हायचे, कोष्टकात धरले सहा. तो पाव पैसा आत्या म्हातारपणीही विसरली नव्हती.

१९४८ च्या कारखाने कायद्याने बायकांना सकाळी ६ ते संध्याकाळी ७ याच वेळेत कामाला ठेवता येई. आठवड्याचे तास ४८. तेव्हा पन्नासांहून जास्त बायका असतील तर पाळणाघर सक्तीचं होतं. (हा पन्नासाचा आकडा मालकांनाही तोंडपाठ असणार.) आत्याच्या कारखान्यात पाळणाघर नव्हतं आणि टेबलावर बहुतेक बिनलग्नाच्या पोरी. लग्न ठरलं की नाव कमी. तिचंही झालं.

समान वेतनाचा कायदा १९७६ चा. तोवर ती गावी भांगलणीला, म्हणजे शेतातलं तण काढायला, जात होती, आणि तिथे बाईचा रोज गड्यापेक्षा कमीच होता.