‘एक पंप’ म्हणजे नेमकं किती? हँडवॉशच्या बाटलीमागची पार्श्वभूमी

आमच्या अमळनेर-पारोळ्याच्या पट्ट्यात ‘पंप’ म्हटलं की डोळ्यासमोर पहिले येतो तो पाठीवरचा फवारणीचा पंप, मग विहिरीवरची मोटर, मग पेट्रोल पंप, आणि हँडवॉशच्या बाटलीवरची ती दाबायची टोपी सगळ्यात शेवटी. हे सुरवातीलाच सांगतेय कारण बाटलीतून एका वेळी किती लिक्विड यावं यावर घराघरात जे चाललेलं असतं, कोणी मानेला रबर बँड गुंडाळतंय, कोणी पोरांना अर्धाच दाब म्हणून ओरडतंय, त्यातला अर्धा घोळ या एका शब्दाचा आहे. राहिलेला अर्धा त्या टोपीखालच्या पिस्टनचा.

पिस्टनने पाणी उचलायची युक्ती तशी फार जुनी, इजिप्तच्या अलेक्झांड्रियात ती दोन हजार वर्षांपूर्वीच माहीत होती. आपल्याला जवळचा तो हापसा. 1972 च्या दुष्काळाच्या आसपास गावोगाव बोअर झाले आणि सोलापूरकडे तयार झालेल्या पंपाच्या धर्तीवरचा हातपंप पुढे देशभर पोचला. पण हापशाच्या एका दांड्याला किती पाणी आलं हे कोण मोजतं, हंडा भरला की झालं. थोडं आणि मोजून सोडायचा विचार औषधाच्या बाजूने आला. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या एका घशाच्या डॉक्टराने 1880 च्या दशकात रबरी फुगा दाबून औषधाचा फवारा मारायचं साधन केलं, ते पुढे सेंटच्या बाटल्यांवर चढलं. 1956 ला दम्याचा मोजून डोस देणारा इन्हेलर आला. त्याच्या आतला कप्पा एवढासा, त्यात मावेल तेवढंच औषध बाहेर पडतं, माणसाने जोरात दाबलं काय न् हळू दाबलं काय.

हँडवॉशचा पंप तसा नाही. तो हाताच्या मर्जीवर चालतो. आतल्या नळीत पिस्टन जेवढा खाली जाईल तेवढं लिक्विड बाहेर, म्हणजे पिस्टनच्या तोंडाचं क्षेत्रफळ गुणिले तो किती खाली गेला ते अंतर. समजा पिस्टन 12 मिमी रुंदीचा आहे आणि टोपी 18 मिमी खाली जाते, तर साधारण 2 मिली येणार. अर्ध्यावर थांबली तर 1 मिली. बाजारात एका दाबाला 1 मिलीपासून 4 मिलीपर्यंत देणारे पंप मिळतात, क्रीमचे तर अर्ध्या मिलीच्याही खाली, आणि बाटलीच्या मानेचं माप सारखं असलं की बाहेरून बघून काहीच कळत नाही की यातला कुठला आपल्या बाटलीवर बसलाय.

लिक्विड साबणाचं पेटंट न्यूयॉर्कमध्ये 1865 लाच निघालं होतं, पण तो घराच्या बेसिनवर आला 1980 ला, मिनेसोटातल्या एका छोट्या कंपनीमुळे. या कंपनीची गोष्ट धंद्यातले लोक अजून सांगतात. तेव्हा अमेरिकेत असे पंप बनवणारे दोनच कारखाने होते, आणि या कंपनीने दोघांकडे मिळून 10 कोटी पंपांची ऑर्डर देऊन टाकली, म्हणजे मोठ्या साबण कंपन्यांनी नक्कल करायची ठरवली तरी वर्ष-दीड वर्ष त्यांना पंपच मिळू नये. लिक्विड कोणालाही जमलं असतं, अडवला तो पंप. मला यात महत्त्वाचं हे वाटतं की पंपाचा स्ट्रोक, म्हणजे एका दाबाला टोपी किती खाली जाईल ते अंतर, किती ठेवायचा हे तेव्हापासून विकणाराच ठरवत आलाय, आणि मोठा दाब म्हणजे बाटली लवकर संपणार हे विकणाऱ्याला कळत नसेल असं मी तरी मानत नाही.

आपल्याकडे उलटं झालं. पंपाच्या आधी पुडी आली. तामिळनाडूत कडलूरच्या बाजूला शांपू पुडीत भरून विकायला लागले, 1980 च्या दशकात ती पुडी गावागावात किराणा दुकानाच्या दारावर माळेसारखी लटकली. एका डोक्याला एक पुडी. प्लास्टिकच्या कचऱ्याबद्दल तिला कितीही नावं ठेवा, मापाचा प्रश्न तिने मिटवला होता, किती घ्यायचं हे विचारायची गरजच नव्हती. आमच्या आईच्या पिढीने तेल पळीने मोजलं, साबणाची वडी दोऱ्याने अर्धी कापून वापरली, शांपू पुडीने. माप नेहमी डोळ्यासमोर. मग एकदम बाटली आली आणि माप टोपीच्या आत गेलं. कायद्याने बाटलीवर आत एकूण किती माल आहे ते छापावं लागतं, 200 मिली, 500 मिली, पण एका दाबाला किती ते मला अजून कुठल्या बाटलीवर सापडलेलं नाही.

याचा हिशेब एकदा मांडूनच बघा. घरात पाच माणसं, प्रत्येकाने दिवसातून पाच वेळा हात धुतले, दर वेळी सवयीने दोन दाब, दाबाला 2 मिली. झाले 100 मिली. अर्ध्या लिटरची बाटली पाच दिवसात खलास. तेच एकदाच दाबलं आणि 1 मिली आलं तर ती बाटली वीस दिवस जाते. आणि आपल्याकडे बऱ्याच गावांना नळाला रोज पाणी येत नाही, एप्रिल-मे मध्ये तर विचारूच नका, तिथे जास्तीचा फेस धुवायला जो अर्धा तांब्या पाणी वर जातो तो मला लिक्विडपेक्षा जास्त टोचतो.

2020 ला मात्र सगळंच उलटंपालटं झालं. मार्च 2020 मध्ये केंद्राने मास्क आणि सॅनिटायझर जीवनावश्यक वस्तूंत घातले, 200 मिली सॅनिटायझरला 100 रुपयांची कमाल किंमत लावली, साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्या सॅनिटायझर करायला लागल्या, आणि बाटली ग्रामपंचायतीपासून किराणा दुकानापर्यंत प्रत्येक दारात आली. किती घ्यायचं याचं उत्तर मात्र कोणाकडे धड नव्हतं. 2009 च्या जागतिक मार्गदर्शक सूचनांमध्ये तळहाताच्या खोलगटात भरेल इतकं घ्या आणि 20 ते 30 सेकंद चोळा एवढंच होतं, मिलीचा आकडा नव्हता. युरोपातल्या चाचणीच्या पद्धतीत ज्याच्याशी तुलना करतात ते अल्कोहोल 3 मिली असं दोनदा घेतात. आणि दारातल्या बाटलीचा पंप द्यायचा एक-दीड मिली, तोही लोक अर्धाच दाबायचे, हाताला ओल लागली न लागली की आत.

त्यात पायाने दाबायचे स्टँड आले. आमच्या इथल्या वेल्डिंगवाल्या भाऊंनी त्या उन्हाळ्यात शेतीची अवजारं बाजूला ठेवून हेच बनवलं, चौकोनी पाईप, खाली पेडल, पेडलला जोडलेला गज, आणि गजाच्या वरच्या टोकाची पट्टी बाटलीच्या टोपीवर. पायाचा जोर हाताच्या कितीतरी पट. टोपी दणकन तळाला जायची, पिचकारी समोरच्याच्या शर्टावर, आणि पंपाची स्प्रिंग महिन्यात मेलेली. लहान लेकरांचं तर तोंडच त्या नोझलच्या उंचीवर यायचं. फ्रान्समध्ये त्या वर्षी लहान मुलांच्या डोळ्यात सॅनिटायझर गेल्याच्या नोंदी आधीच्या वर्षापेक्षा सातपट झाल्या होत्या. भाऊंनी मग पेडलखाली एक बोल्ट उभा वेल्ड करून त्यावर दोन नट चढवले. नट वर घेतला की पेडल लवकर टेकतं, टोपी कमी दबते. तो नट फिरवून कमी-जास्त करता यायचं, एवढं साधं काम, आणि दाब माणसाच्या हातात परत आणणारी मी पाहिलेली ती पहिली वस्तू. फक्त ग्रामपंचायतीत तो नट पार वर नेऊन ठेवला, बाटली पुरवायला म्हणून, आणि हे मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही. साबणाला पाण्याची साथ असते, थोडा कमी चालतो. सॅनिटायझरने हात पुरेसा वेळ ओला राहिलाच नाही तर घेतला काय न् नाही काय सारखंच. कमी करणं दोन्हीकडे एकच नाही, हा फरक त्या वर्षात बहुतेकांनी केलाच नाही.

आता शब्दाकडे येते, कारण आमच्या गटाची खरी अडचण तिथे झाली.

आम्ही बचत गटात फिनेल, भांड्याचं लिक्विड आणि हँडवॉश करतो. दोन वर्षांपूर्वी फरशी पुसायचं घट्ट लिक्विड पंपाच्या बाटलीत द्यायला लागलो आणि लेबलवर मीच लिहिलं, ‘एका बादलीला 2 पंप’. आठवड्यात वरच्या गल्लीतले जिभाऊ बाटली घेऊन दारात, म्हणे पोरी, बादलीत दोन पंप कसे मावतील? मी दोन मिनिटं बघतच राहिले. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. कापसाला आयुष्यभर फवारणी केलेल्या माणसाला एक पंप म्हणजे पंधरा लिटर पाणी. शेतातली सगळी भाषा तीच आहे, ‘पंपाला 30 मिली टाक’, ‘एकरी दहा पंप मारले’. तिथे पंप हे पाण्याचं माप, औषध त्यात मिळवायचं. बाटलीवर पंप हेच औषधाचं माप. एकाच शब्दाची दोन टोकं.

आणि शेतीतही तो शब्द सरळ राहिलेला नाही. कृषीच्या शिफारशी बहुतेक 10 लिटर पाण्याला दिलेल्या असतात. पाठीवरचा पंप 15-16 लिटरचा, बॅटरीवाले 18-20 चेही आले, मग दुकानातून सांगितलेलं ‘पंपाला एवढं’ नेमकं कोणत्या पंपाला? इंजिनवरच्या पॉवर पंपाला पाणी कमी लागतं म्हणून औषधाचं प्रमाण तिप्पट घ्या असं सांगतात, आणि ज्याच्या कानावर फक्त तिप्पट पडलं तो साध्या पंपातही तिप्पट ओततो. औषध मोजतात बाटलीच्या झाकणाने, आणि झाकणं सगळी एका मापाची नसतात. मी ही चूक शेतकऱ्याची मानत नाही. माप भांड्याच्या नावाने सांगायचं आणि भांडी बदलत ठेवायची, ही सांगणाऱ्याची चूक आहे, आणि लेबल लिहिताना मीही तीच केली.

आम्ही लेबल बदललं, ‘2 दाब’ केलं. तर गटातच वाद. आक्का म्हणाल्या दाब म्हणजे पूर्ण तळापर्यंत, धाकट्या वहिनी म्हणे माझ्या हाताला संधिवात, माझा दाब अर्धाच जातो. मग एक दिवस सगळ्या बसलो, खोकल्याच्या औषधाचं मापाचं झाकण घेतलं, पंपातली हवा जाईपर्यंत चार-पाच दाब वाया घालवले आणि मग पूर्ण 10 दाब झाकणात. आले 20 मिली, म्हणजे दाबाला 2. पुढच्या लॉटचे पंप आणले, तोच रंग, तेच माप, तोच दुकानदार, आणि 10 दाबांना आले 14. म्हणजे मधल्या काळात ज्या बायका सांगत होत्या की ताई आता पहिल्यासारखी फरशी निघत नाही, त्या खरं बोलत होत्या आणि आम्ही लिक्विडमध्ये खोट शोधत बसलो होतो. तेव्हापासून प्रत्येक लॉटचे तीन पंप मोजतो आणि लेबलवर दाब आणि मिली दोन्ही लिहितो, पंप हा शब्द काढूनच टाकला.

लिक्विडच्या घट्टपणाचाही यात हात आहे. हँडवॉश घट्ट करायला मीठ टाकतात, एका हद्दीपर्यंत ते दाट होतं आणि त्यापुढे मीठ वाढवलं की उलट पातळ पडतं. फार दाट झालं की स्प्रिंग टोपीला वर आणता आणता थकते, टोपी अर्ध्यावरच राहते आणि पुढचा दाब आपोआप कमी भरतो. फार पातळ केलं तर बेसिनच्या बाहेर उडतं. 1990 च्या दशकात आलेले फेसाचे पंप वेगळे, ते लिक्विडबरोबर हवा ओढून जाळीतून फेस काढतात, त्यांना पातळच लागतं, साधा हँडवॉश भरला तर जाळी तुंबते. थोडक्यात भागवायचं असेल तर तो पंप उत्तम, फक्त महाग आहे.

ज्यांच्याकडे साधा पंप आहे त्यांच्यासाठी रबर बँडपेक्षा एक बरं. रबर बँड ओला होऊन सुटतो न् त्याच्यात साबण साचून काळं धरतं. आपल्याकडे ठिबकच्या 16 मिमी नळीचे तुकडे बांधाबांधावर पडलेले असतात. त्याचा 1 सेंटीमीटरचा तुकडा कापायचा, एका बाजूने उभी चीर द्यायची, उघडून टोपीखालच्या दांडीला अडकवायचा. टोपी त्या कड्यावर येऊन थांबते, दांडी 2 सेंटीमीटर उघडी असेल तर दाब बरोबर अर्धा. पण नवीन बाटलीला कडं लगेच लावू नका, आधी पूर्ण दाब देऊन आतली हवा काढून घ्या, नाहीतर अर्ध्या दाबात हवाच खालीवर होत राहते आणि लिक्विड वर चढतच नाही. गेल्या जूनमध्ये आमच्या शाळेच्या चार बाटल्यांना अशी कडी लावली. दुसऱ्या दिवशी पहिलीतली एक पोरगी नळापाशी मला विचारत होती, “कितला दाबू वं माय?” मी म्हटलं, जितला दबी तितला. ती टोपी कड्यावर टेकली, तिने परत एकदा जोर लावून बघितलं, आणि हात चोळायला लागली.