सायनाईड आणि आम्ल यांच्यामधली भिंत

नाशिकच्या सातपूर आणि अंबड औद्योगिक वसाहतींत वाहनांच्या सुट्या भागांच्या कारखान्यांबरोबरच प्लेटिंगची छोटी युनिटेही आहेत. या कामात लोखंडावरचा गंज काढायला हायड्रोक्लोरिक आम्ल लागते आणि जस्त किंवा तांब्याचा थर देण्याच्या काही पद्धतींत सोडियम सायनाईड लागते. हे दोन पदार्थ एकमेकांपासून दूर ठेवणे हा रासायनिक सुरक्षेच्या नियमांतला सर्वांत स्वस्त आणि, माझ्या मते, सर्वांत महत्त्वाचा नियम आहे.

द्रावणाचा सामू (पीएच; तो जितका कमी तितके द्रावण जास्त आम्लधर्मी) ११ च्या वर असेपर्यंत सायनाईड आयनांच्या रूपात पाण्यातच राहते. सामू ९.२ च्या आसपास उतरला की त्यातल्या निम्म्याचे हायड्रोजन सायनाईड होते आणि आम्ल मिसळले तर जवळजवळ सगळ्याचेच. त्याचा उत्कलनबिंदू सुमारे २६ अंश सेल्सिअस आहे, त्यामुळे नाशिकच्या उन्हाळी दुपारी तो वायूच असतो. रक्तात ऑक्सिजन असूनही पेशींना तो वापरता येत नाही, हे या विषाचे काम. त्याचा कडू बदामासारखा वास आनुवंशिक कारणाने कित्येकांना येतच नाही, म्हणून वासावर विसंबणे धोक्याचे आहे. एक किलो सोडियम सायनाईडची आम्लाशी पूर्ण प्रक्रिया झाली तर सुमारे ५०० लिटर वायू सुटतो. हवेच्या दहा लाख भागांत ५० भाग ही जिवाला तत्काळ धोका मानली जाणारी पातळी धरली, तर तेवढा वायू १०,००० घनमीटर हवा त्या पातळीला नेऊ शकतो. ५० मीटर लांब, २० मीटर रुंद आणि १० मीटर उंच शेडमध्ये तेवढीच हवा मावते.

१९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर १९८६ चा पर्यावरण (संरक्षण) अधिनियम आला आणि त्याखाली १९८९ मध्ये धोकादायक रसायनांच्या उत्पादन, साठवणूक व आयातीचे नियम झाले. रसायनाचे सुरक्षा माहितीपत्रक त्यांतूनच कारखान्यांत आले. आजच्या १६ विभागांच्या पत्रकातला दहावा विभाग, कोणता पदार्थ कशाजवळ ठेवू नये हे सांगणारा, स्टोअर लावणाऱ्याने आधी वाचावा. पत्रक तपासणीच्या फायलीत इंग्रजीत पडून राहिले, तर टाकीवरच्या हेल्परला त्याचा काहीच उपयोग नाही. त्यातला साठवणुकीचा भाग मराठीत आणि हिंदीत स्टोअरच्या दारावर लागला पाहिजे.

मधे भिंत बांधली, पण दोन्ही बाजूंची गटारे पुढे एकच झाली, तर सांडलेले द्रव तिथे भेटतातच. म्हणून प्रत्येक साठ्याभोवती स्वतंत्र बांध हवा आणि त्यात सर्वांत मोठ्या टाकीच्या ११० टक्के द्रव मावावा, असा प्रघात आहे. पावसाळ्यात सायनाईडचा ड्रम उघडा राहिला, तर हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड यांनीही हायड्रोजन सायनाईड हळूहळू सुटते. त्याच कारणाने तिथल्या आगीवर कार्बन डायऑक्साइडचे अग्निशामक वापरत नाहीत.

बाधित माणसाला तोंडाने श्वास देऊ नये, कारण वाचवणाऱ्यालाही विषबाधा होऊ शकते. या विषावर हायड्रॉक्सोकोबालामिन आणि सोडियम थायोसल्फेट हे उतारे आहेत. ते जवळच्या कोणत्या रुग्णालयात मिळतात, याची चौकशी सायनाईडचा पहिला ड्रम आत घेण्यापूर्वीच झालेली असावी.