खेळाडूंची आकडेवारी, शालेय व हौशी सॉफ्टबॉल-बेसबॉलमधील (ठाणे व नवी मुंबई)

सॉफ्टबॉल किंवा बेसबॉलच्या सामन्यात प्रत्येक बॅटरच्या पाळीचा निकाल स्कोअरशीटवर टिपून त्यावरून खेळाडूची बॅटिंग, पिचिंग व क्षेत्ररक्षण यांचे आकडे काढण्याची पद्धत. प्रस्तुत नोंद मुख्यतः १७ वर्षांखालील शालेय व हौशी खेळाडूंपुरती आहे. खेळाचे नियम येथे गृहीत धरले आहेत.

या पद्धतीचे जनकत्व सामान्यतः हेन्री चॅडविक (१८२४–१९०८) यांना दिले जाते. इंग्लंडमधील एक्झेटर येथे जन्मलेले चॅडविक लहानपणीच अमेरिकेत गेले आणि न्यूयॉर्क परिसरात क्रिकेटचे वार्ताहर झाले. १८५९ च्या सुमारास त्यांनी क्रिकेटच्या धावफलकाच्या धर्तीवर ‘बॉक्स स्कोअर’ (सामन्याचा खेळाडूवार तक्ता) रूढ केला. तो त्यांनीच ‘शोधला’ हे विधान मात्र सैल आहे. न्यूयॉर्क व ब्रुकलिन यांच्यातील सामन्याचा खेळाडूवार तक्ता ऑक्टोबर १८४५ मध्येच वृत्तपत्रात छापला गेला होता. त्यात प्रत्येकाच्या नावापुढे तो किती वेळा बाद झाला व त्याने किती धावा काढल्या, एवढे दोनच रकाने होते. त्यामुळे चॅडविक यांना आद्य प्रवर्तकाऐवजी पद्धतकार म्हणणे अधिक रास्त ठरेल.

स्ट्राइकआऊटसाठी (तीन स्ट्राइक पडून बॅटर बाद होणे) वापरल्या जाणाऱ्या ‘के’ या खुणेबद्दलही मतभेद आहेत. ‘एस’ हे अक्षर सॅक्रिफाइससाठी (स्वतः बाद होऊन सहकाऱ्याला पुढच्या बेसवर सरकवणारा फटका) आधीच वापरात असल्याने ‘स्ट्रक’ या शब्दाचे शेवटचे अक्षर घेतले गेले, हे स्पष्टीकरण प्रशिक्षण शिबिरांतून अजून दिले जाते. परंतु सॅक्रिफाइसची अधिकृत गणना १८८९ च्या आसपास सुरू झाली आणि ‘के’ त्याहून बरीच जुनी आहे. ‘स्ट्रक’ म्हटल्यावर ‘के’ चटकन आठवते, हे चॅडविक यांचेच साधे कारण अधिक ग्राह्य वाटते. काही अभ्यासक या खुणेचे श्रेय न्यूयॉर्कमधील एम. जे. केली या वार्ताहराकडे देतात. तिसरा स्ट्राइक बॅट न फिरवता पडला असेल, तर तीच खूण उलटी लिहितात.

क्षेत्ररक्षकांचे आकडे आज ठरलेले आहेत : पिचर १, कॅचर २, पहिला बेस ३, दुसरा बेस ४, तिसरा बेस ५, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या व तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक) ६ आणि डावीकडून उजवीकडे आऊटफिल्डर ७, ८, ९. चॅडविक यांच्या मूळ पद्धतीत हे आकडे बॅटिंगच्या क्रमाने दिले जात. स्थानाला आकडा चिकटला तो बहुधा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीनंतर. शॉर्टस्टॉप ५ की ६, यावर काही काळ एकवाक्यता नव्हती. एका सामन्यात शेजारी बसलेल्या दोन वार्ताहरांच्या वह्या जुळेनात आणि तेव्हा हा वाद मिटला, अशी आख्यायिका आहे. ती आख्यायिका म्हणूनच घ्यावी. शीटवर ‘६-३’ लिहिले असेल, तर जमिनीवरून आलेला चेंडू शॉर्टस्टॉपने उचलून पहिल्या बेसवर फेकला आणि बॅटर बाद झाला, असे वाचावे. स्लो-पिच सॉफ्टबॉलमध्ये दहावा क्षेत्ररक्षक असतो, त्याला १० हा आकडा देतात.

हिट आणि एरर यांतील निवाडा हा या विषयाचा सर्वांत नाजूक भाग होय. बॅटर बेसवर सुखरूप पोहोचला तो स्वतःच्या फटक्यामुळे की क्षेत्ररक्षकाच्या चुकीमुळे, हे स्कोअररने ठरवायचे असते. बेसबॉलच्या नियमावलीत यासाठी ‘सामान्य प्रयत्न’ ही कसोटी दिली आहे. त्या स्थानावरील, त्याच दर्जाच्या लीगमधील सरासरी कौशल्याच्या खेळाडूला जे जमायला हवे ते या कसोटीत अभिप्रेत असून मैदान व हवामान यांचाही विचार करण्यास सांगितले आहे. म्हणजे १२ वर्षांच्या मुलीने सोडलेला चेंडू मोठ्यांच्या सामन्यातील मापाने मोजता येत नाही. मुरमाच्या मैदानावर खड्याला लागून चेंडू अचानक उसळला आणि खांद्यावरून गेला, तर तो हिटच धरावा. क्रिकेटच्या स्कोअरबुकात सुटलेल्या झेलाला रकाना नसतो. त्यामुळे त्या वहीवर हात बसलेल्या स्कोअररला मुलाच्या नावावर ‘ई-६’ (शॉर्टस्टॉपचा एरर) लिहिणे जड जाते आणि सगळेच हिट होऊन बसतात. पालक पाठीमागे उभे असतील तर विचारायलाच नको.

या निवाड्याचा आकड्यांवर होणारा परिणाम थोडका नाही. एखाद्या मुलीचे २० अ‍ॅट-बॅटमध्ये (सरासरीसाठी धरल्या जाणाऱ्या पाळ्यांत) ६ हिट म्हणजे .३०० सरासरी. त्यांतील दोन हिट एरर ठरले, तर तीच सरासरी .२०० होते. मोठ्या लीगच्या शेकडो पाळ्यांत असे निवाडे विरघळून जातात. शाळकरी हंगामात सामनेच मोजके असल्याने ते अखेरपर्यंत उरतात. वॉक (चार चुकीचे चेंडू पडल्याने मिळणारा पहिला बेस) अ‍ॅट-बॅटमध्ये धरत नाहीत. (१८८७ मध्ये अमेरिकेत वॉकला हिट मानण्याचा प्रयोग झाला, सरासऱ्या भलत्याच फुगल्या आणि वर्षभरात तो गुंडाळावा लागला.) लहान गटांत पिचरचा नेम बसलेला नसल्याने वॉक पुष्कळ होतात. वरच्याच मुलीला १० वॉक मिळाले असतील, तर ३० पाळ्यांत ती १६ वेळा बेसवर गेली. तिचा ऑन-बेसचा आकडा .५३३ येतो. या वयात तोच अधिक बोलका मानावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. क्रिकेटची सरासरी दर बाद होण्यामागच्या धावांची असते, येथे ती दर संधीमागच्या हिटची असते. म्हणून .३०० पाहून खट्टू होण्याचे कारण नाही. व्यावसायिक बेसबॉलमध्येही ती उत्तम समजली जाते.

पिचरच्या अर्न्ड रन (क्षेत्ररक्षकांच्या चुकीशिवाय झालेल्या धावा) सरासरीत इनिंगचा गुणक सामन्याच्या लांबीप्रमाणे बदलतो : बेसबॉलला ९, सॉफ्टबॉलला ७, लिटल लीगला (अमेरिकेतील मुलांची बेसबॉल-सॉफ्टबॉल संघटना) ६. १२ इनिंगमध्ये ४ अर्न्ड रन दिल्या, तर सहाच्या हिशेबाने २.०० आणि नऊच्या हिशेबाने ३.०० येतात. मोबाइल अ‍ॅपमध्ये इनिंगची संख्या नऊ असेल आणि ती आधी बदलून न घेतल्यास सहा इनिंगच्या सामन्यांचा आकडा दीडपट होतो.

टाकलेल्या चेंडूंची मोजणी हा यांतील आरोग्याशी थेट निगडित आकडा आहे. अमेरिकेतील लिटल लीगने बेसबॉलसाठी २००७ पासून दिवसाची मर्यादा घातली. ९-१० वर्षांसाठी ती ७५, ११-१२ साठी ८५ आणि १३ ते १६ साठी ९५ चेंडूंची आहे. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाने ६६ किंवा अधिक चेंडू टाकल्यास चार दिवसांची विश्रांती सक्तीची असते. सॉफ्टबॉलला तशी चेंडूंची मर्यादा लिटल लीगने लावलेली नाही. खालून टाकलेल्या चेंडूने खांद्याला त्रास होत नाही, हा जुना समज त्यामागे असावा. विंडमिल पद्धतीच्या (हात गोल फिरवून खालून चेंडू टाकण्याच्या) पिचिंगमध्येही खांद्यावर लक्षणीय ताण येतो, असे नंतरच्या मोजमापांत आढळले. बेंचवरच्या एका राखीव खेळाडूच्या हाती क्लिकर दिला, की ही मोजणी बिनखर्चात होते.

ठाणे व नवी मुंबई : शालेय स्पर्धा क्रीडा कार्यालयाच्या कार्यक्रमानुसार वयोगटवार होतात. पावसाळ्यात मैदाने चिखलात गेल्याने वेळापत्रक कोलमडते व एका दिवसात अनेक सामने उरकावे लागतात. अशा दिवशी शीटवर इनिंगवार धावा तेवढ्या उतरतात, खेळाडूचा तपशील गळतो. सिडकोने आखलेल्या नोडमधील मैदाने असोत वा ठाण्यातील जुनी, बहुतेक ठिकाणी शेजारी क्रिकेट चालू असते. चेंडू त्यांच्या खेळपट्टीवर गेला तर दोन बेस, असे सामन्यापूर्वी ठरवून घेतात. असा फटका शीटवर डबल म्हणून लागतो, त्यामुळे अरुंद मैदानावर खेळणाऱ्या संघाच्या खाती डबल जास्त दिसले तर नवल नाही.

जुन्या नोंदी पडताळताना एक पथ्य पाळावे लागते. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला. त्यापूर्वीच्या ‘ठाणे जिल्हा’ संघात वसई, विरार, डहाणूकडचे खेळाडूही असू शकत, त्यामुळे आधीच्या व नंतरच्या जिल्हा संघांचे आकडे एका ओळीत मांडू नयेत. नवी मुंबई महानगरपालिका १९९२ मध्ये अस्तित्वात आली. तीही ठाणे जिल्ह्यातच येते, म्हणून कागदावरचा ‘ठाणे’ शब्द शहराचा की जिल्ह्याचा, हे दर वेळी पाहावे लागते.

वैयक्तिक सरासरीला शासकीय व्यवहारात स्थान नाही. दहावी-बारावीचे क्रीडा सवलतीचे गुण व शासकीय नोकरीतील ५ टक्के खेळाडू आरक्षण यांसाठी स्पर्धेचा स्तर, सहभाग वा क्रमांक आणि प्रमाणपत्र ग्राह्य धरले जाते. साहजिकच शाळेच्या कपाटात प्रमाणपत्रांच्या फाइली नीट लावलेल्या सापडतात. स्कोअरशीट असल्या तर प्रशिक्षकाच्या घरी असतात.