रुग्ण वरळीचा, डास कुठला?

पावसाळा लागला की बातमी येते: मुंबईत अमुक वॉर्डात मलेरियाचे सर्वाधिक रुग्ण. लगेच तो वॉर्ड ‘हॉटस्पॉट’ ठरतो. पण समजा, एका वॉर्डाची वस्ती सहा लाख आणि रुग्ण ३००. दुसऱ्याची वस्ती दीड लाख आणि रुग्ण १५०. बातमीत पहिला झळकेल. हजार माणसांमागचं प्रमाण मात्र पहिल्यात ०.५ आणि दुसऱ्यात १, म्हणजे दुप्पट. शिवाय जिथे रक्ततपासणी जास्त, तिथे रुग्णही जास्त सापडणार.

खरी अडचण पुढेच आहे. नोंद होते रुग्णाच्या पत्त्यावर. डास चावला ती जागा वेगळी असू शकते. चावल्यापासून ताप यायला साधारण दहा-पंधरा दिवस जातात. चार दिवसांपूर्वी गावाहून बांधकामावर आलेला मजूर तापला, तर ती लागण इथली नव्हे. मलेरियाच्या परजीवीचा व्हायवॅक्स हा प्रकार तर फारच चकवतो. त्याचे काही परजीवी यकृताच्या पेशींत निपचित पडून राहतात आणि कित्येक आठवड्यांनी, महिन्यांनी जागे होतात. नवा डास न चावताच ताप उलटतो. काचपट्टीवरच्या रक्तात ताजी लागण आणि उलटलेला ताप सारखेच दिसतात.

मग इथली लागण ओळखायची कशी? मलेरियातज्ज्ञांची एक जुनी युक्ती मला फार आवडते: वर्षाच्या आतल्या बाळांचं रक्त तपासायचं. बाळाच्या अंगात जुना परजीवी असूच शकत नाही. आईकडून जन्मतः आलेली क्वचित लागण सोडली, तर जे सापडेल ते या वर्षातलंच. बाळ गावी जाऊन आलं का, एवढं आईला विचारायचं. मात्र शहरात लागण झालेली बाळं इतकी थोडी सापडतात, की दोनाची तीन झाली तरी दर दीडपट दिसतो. म्हणून काही वर्षांचे आकडे एकत्र करावे लागतात.

जोडीला पाणीही बघायला हवं. मुंबईतला मलेरियाचा डास अ‍ॅनाफिलीस स्टिफेन्सी. गटारातल्या क्युलेक्स डासाच्या अळ्या डोकं खाली करून तिरक्या लटकतात. स्टिफेन्सीच्या अळ्या पाण्याच्या पृष्ठभागालगत आडव्या पडून असतात, त्याही बहुधा स्वच्छ पाण्यात: विहिरी, गच्चीवरच्या टाक्या, बांधकामावरचं पाणी. मलेरियाचे अभ्यासक डॉ. बेंटली यांच्या १९११च्या अहवालानेही मुंबईतल्या विहिरींवर बोट ठेवलं होतं. ‘मलेरिया झोपडपट्टीतला रोग’ हा समज टॉवरच्या उघड्या टाकीपाशीच खोटा पडतो. धूरफवारणीचे फोटो कितीही छापून येवोत, त्या धुराने उडते डास मरतात, टाकीतल्या अळ्यांना धक्काही लागत नाही.

वॉर्डांची यादी छापताना वस्ती, तपासण्या, रुग्णाचं वय आणि गेल्या महिन्यातला प्रवास हे रकाने त्यात असायलाच हवेत.